लोखंडसुद्धा थकतं!

एक गंमत सांगते. आज दिवसभरात ऑफिसात ऐकलेले शब्द जरा आठवून बघा. स्ट्रेस, स्ट्रेन, फटीग, ब्रेकिंग पॉइंट, टफ, फ्लेक्झिबल, रेझिलियन्ट... एचआरच्या मेलमध्ये ते असतात, ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतात, कॅन्टीनच्या चहाबरोबर तर असतातच असतात. पण हे शब्द घासूनपुसून नेमके केले ते इंजिनीअर लोकांनी. लोखंड, लाकूड, तांबं, काच यांची परीक्षा घेता घेता. आपण ते उसने घेतले आणि अर्थ तिकडेच विसरून आलो.

मी शिकले मेकॅनिकल. साठ जणांच्या वर्गात आम्ही तीन मुली. पुढे बऱ्याच जणांचं होतं तेच झालं. कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली आणि मी हिंजवडीची झाले. लेथ, कानस, वर्कशॉपचा तो निळा एप्रन, सगळं मागे पडलं. पण ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ हा विषय काही डोक्यातून गेला नाही. आम्ही त्याला ‘सॉम’ म्हणायचो, आणि त्यात केटी लागणाऱ्यांची रांग कायम मोठी असायची. मला मात्र तो जाम आवडायचा. कारण तिथे एका शब्दाला एकच अर्थ. आपण एरवी ‘मजबूत’ म्हणून मोकळे होतो. सॉममध्ये लगेच उलटा प्रश्न येतो, मजबूत म्हणजे काय? ओढल्यावर? वाकवल्यावर? ओरखडल्यावर? आपटल्यावर? की वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं छळल्यावर?

गेल्या वर्षी अप्रेझलच्या सीझनला नेमक्या याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या बॉसचं वाजलं. ते सांगतेच, पण आधी थोडा फंडा क्लीअर करून घेऊ.

मजबूत म्हणजे नक्की काय?

पहिला शब्द अर्थातच स्ट्रेस. इंजिनीअरच्या भाषेत स्ट्रेस म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, बस्स. भार किती आहे एवढंच बघून चालत नाही, तो किती जागेवर पसरलाय तेही बघावं लागतं. म्हणून तर पेन्सिल हील घातलेली पन्नास किलोची मुलगी लाकडी फ्लोअरिंगवर खड्डे पाडते आणि हत्तीच्या रुंद पायाखाली ते पडत नाहीत. आणि या स्ट्रेसमुळे वस्तूत जो बदल होतो, म्हणजे ती मूळ लांबीच्या मानाने किती ताणली किंवा दबली, तो स्ट्रेन. स्ट्रेस बाहेरच्या भारामुळे येतो, स्ट्रेन म्हणजे त्याने तुमचं काय झालं ते.

माणसांसाठी ‘स्ट्रेस’ हा शब्द लोकप्रिय केला हान्स सेल्ये या डॉक्टरने. १९३६ साली त्याचा पहिला गाजलेला लेख आला. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की, माझं इंग्रजी चांगलं असतं तर मी ‘स्ट्रेन’ म्हटलं असतं. म्हणजे बघा, गोंधळ पहिल्या दिवसापासूनचा आहे!

आता पुढचं. ताठपणा वेगळा, ताकद वेगळी, कठीणपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा.

ताठ म्हणजे सहजासहजी न वाकणारं. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ आहे. कठीण म्हणजे ज्यावर सहजी ओरखडा उठत नाही ते. फ्रिडरिश मोस या खनिजतज्ज्ञाने १८१२ साली यासाठी एक ते दहाची पट्टी केली. शंखजिरं सर्वांत खाली एकवर, हिरा सर्वांत वर दहावर. पण हाच दहापैकी दहावाला हिरा योग्य दिशेने घाव बसला तर सरळ दुभंगतो. कारण तो कठीण असला तरी चिवट नाही. चिवट म्हणजे मोडण्याआधी भरपूर धक्का, भरपूर ऊर्जा पोटात घेणारं. चिवटच्या उलट ठिसूळ. काच ठिसूळ, खडू ठिसूळ, बिडाचा तवा हातातून पडला तर तोही वाकत बसत नाही, तुटतोच.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले ‘तन्यता’ आणि ‘वर्धनीयता’ हे दोन भारदस्त शब्द आठवतात? तन्य म्हणजे ज्याची तार निघते, वर्धनीय म्हणजे ज्याचा पत्रा होतो. सोनं दोन्हीत टॉपर. एका ग्रॅम सोन्यातून दोन किलोमीटर तार निघते, हे आपण पाठ केलं होतं. पण त्याच सोन्याचे दागिने शुद्ध चोवीस कॅरेटमध्ये कुणी रोज वापरत नाही, कारण ते फारच मऊ. म्हणजे सगळ्या विषयांत पहिला येणारा पदार्थ नसतोच. एका गुणात वर गेलात की बहुतेक वेळा दुसऱ्या कशाची तरी किंमत मोजावी लागते.

सगळ्यात धमाल शब्द म्हणजे स्थितिस्थापकता. भार काढला की मूळ आकारात परत येण्याचा गुण. परीक्षेत हमखास विचारायचे, रबर जास्त स्थितिस्थापक की पोलाद? सगळा वर्ग म्हणायचा, रबर! उत्तर, पोलाद. रबर खूप ताणलं जातं, हे खरं. पण पोलाद ताणायलाच प्रचंड जोर लागतो आणि सोडलं की ते चोख परत येतं. जो पटकन वाकतो तोच ‘फ्लेक्झिबल’ आणि म्हणून चांगला, हा आपला ऑफिसातला समज सॉमच्या पेपरात साफ नापास झाला असता.

लॅबमधला तो आवाज

थर्ड सेमला लॅबमध्ये यूटीएम असायचं, युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. साध्या पोलादाची एक सळई दोन्ही टोकांना घट्ट पकडायची आणि ओढत राहायची. सुरुवातीला काहीच दिसत नाही. काटा चढत असतो, सळई जशीच्या तशी. या टप्प्यात भार काढला तर ती पूर्ववत होते. मग एक क्षण येतो, यील्ड पॉइंट. आपल्या बांधकामातल्या साध्या पोलादासाठी हा साधारण २५० मेगापास्कलवर येतो. म्हणजे बोटाएवढ्या, दहा बाय दहा मिलिमीटरच्या सळईवर अडीच टन! याच्या पुढे गेलात की सळई लांब होते ती कायमची. मशीन बंद करा, भार काढा, ती परत पहिल्यासारखी होणार नाही. बाहेरून मात्र अजून धडधाकट.

गंमत म्हणजे यानंतर ती काही काळ आणखी भार घेते. ओढल्याने ती अधिक कठीण होत जाते. मग मधेच एका जागी कंबर बारीक व्हायला लागते, आणि धाड! लॅब असिस्टंट काका दरवर्षी तोच डायलॉग मारायचे, ‘‘आवाज आला तेव्हा तुटली असं लिहू नका. ती केव्हाची गेली होती, ते ग्राफ बघून सांगा.’’

फॉर्ममधला एक कॉलम

आता ते अप्रेझल. माझ्या टीममध्ये एक मुलगा आहे. तीन वर्षांचा अनुभव, कामात चोख, बोलायला कमी. आमचं प्रोजेक्ट अमेरिकन क्लायंटचं. दिवसाचं काम वेगळं आणि रात्रीचं ऑन-कॉल वेगळं. रात्री फोन वाजला की वीस मिनिटांत लॉग-इन. आधी हे तिघांत फिरायचं. एक जण सोडून गेला, दुसरी मॅटर्निटी लीव्हवर गेली. वरून सांगण्यात आलं, रिप्लेसमेंट येतेय, तोवर मॅनेज करा. मी दर महिन्याला मेल टाकत होते, दर महिन्याला तेच उत्तर येत होतं. ऑक्टोबर ते एप्रिल, २१२ रात्री तो एकटा ऑन-कॉल होता. त्यातल्या १३१ रात्री फोन वाजला. एकही कॉल मिस नाही.

एप्रिलच्या शेवटी सकाळच्या कॉलवर क्लायंटने त्याच्या मेलमधली एक चुकलेली तारीख दाखवली. साधा टायपो. तो ‘‘वन मिनिट’’ म्हणाला, हेडसेट टेबलावर ठेवला, बॅग उचलली आणि घरी गेला. डॉक्टरांनी बारा दिवस विश्रांती सांगितली.

मे महिन्यात फॉर्म आले. त्यात एक नवा कॉलम होता, ‘रेझिलियन्स’, एक ते पाच.

बॉस म्हणाला, ‘‘बाकी सगळं ठीक आहे गं त्याचं. पण इथे दोन दे.’’

‘‘दोन कशावरून?’’

‘‘कशावरून काय? एका टायपोवरून माणूस उठून घरी जातो? उद्या मोठं एस्कलेशन आलं तर काय करेल?’’

दोन दिले असते तर त्याचा ॲव्हरेज कटऑफच्या खाली जाणार होता. इन्क्रिमेंट जवळपास शून्य, आणि फाइलीत कायमचा शिक्का. पुढच्या प्रत्येक मॅनेजरने तो आधी वाचला असता. त्याच्या बहिणीचं कॉलेज त्याच्या पगारावर चाललंय, हे मला माहीत होतं. पण तो मुद्दा मी काढला नाही. तो दयेचा अर्ज झाला असता. मला मोजमाप चुकतंय एवढंच म्हणायचं होतं. मी एक दिवस मागून घेतला आणि घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या.

थकवा नावाचं प्रकरण

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि इंजिनीअर लोक चक्रावले. उत्तम लोखंडाचे आस, कुठे काही दोष दिसत नाही, भारही मर्यादेच्या आत, आणि तरी काही वर्षं धावल्यावर ते अचानक मोडायचे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीचा असाच आस मोडला, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे इंजिनीअरने वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्याने दाखवून दिलं की एकदाच दिला तर लोखंड हसत झेलेल असा भार, लाखो वेळा उलटसुलट दिला तर तेच लोखंड मोडतं. या प्रकाराला नाव पडलं फटीग. थकवा!

वर्षं उलटली तरी धडा संपला नाही. १९५२ साली प्रवासी सेवेत आलेलं ‘कॉमेट’ हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट हवेतच फुटून भूमध्य समुद्रात कोसळली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला एका कॉमेटचं धड चक्क पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि उड्डाणात होतो तसा दाब भरा-सोडा, भरा-सोडा असं हजारो वेळा केलं. ते फुटलं. कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापाशी एक बारीक तडा सुरू झाला होता आणि प्रत्येक उड्डाणागणिक तो थोडा थोडा पुढे सरकत होता. शेवटच्या उड्डाणात वेगळं काहीच झालं नव्हतं. तो फक्त पुढचा आकडा होता.

पोलादाचं एक बरं असतं. साधारणपणे त्याच्या कमाल ताकदीच्या निम्म्याच्या खाली ताण ठेवला, तर ते जवळजवळ कितीही फेऱ्या सहन करतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित रेषाच नाही. ताण कमी असला तर वेळ जास्त लागतो, एवढंच. म्हणून विमानांच्या फेऱ्या मोजतात. दिसायला नवं असलं तरी आकडा भरला की तपासणी.

दुसऱ्या दिवशी मी बॉसच्या केबिनमध्ये गेले, त्याच्याच टेबलावरची एक जेम क्लिप उचलली आणि सरळ केली. ‘‘बघ, एकदा वाकवते. तुटली? नाही.’’ मग पुढे-मागे, पुढे-मागे. दहाव्या-बाराव्या वेळेला ती हातात आली. ‘‘आता सांग, शेवटचा वाक सगळ्यात जोराचा होता का?’’

तो हसला. ‘‘म्हणजे पोरगा क्लिप?’’

‘‘नाही. पण तू शेवटचा वाक बघून मार्क देतोयस. आधीचे १३१ कोण मोजणार?’’ आणि कॉल लॉगचा प्रिंटआउट पुढे ठेवला.

तो म्हणाला, ‘‘आम्हीपण केलंय गं नाइट सपोर्ट.’’ ते खरं होतं. मी विचारलं, किती जणांत? म्हणाला, चौघांत. मग तो जरा गप्प झाला.

मग मी त्याला त्या कॉलमचाच अर्थ सांगितला. रेझिलियन्स हा शब्द सॉममध्ये आणला तो थॉमस ट्रेडगोल्ड या इंग्रज इंजिनीअरने, १८१८ साली, इमारती लाकडाबद्दल लिहिताना. त्याची आजची व्याख्या अशी की, कायमचं वाकडं न होता पदार्थ किती ऊर्जा पोटात साठवतो आणि भार काढल्यावर ती परत देतो. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. भार काढल्यावर! ज्याच्यावरचा भार सात महिन्यांत एकदाही उतरवला नाही, त्याचा रेझिलियन्स मोजायचा कसा? स्प्रिंग दाबूनच ठेवायची आणि म्हणायचं, ही उसळत कशी नाही?

मी त्या कॉलममध्ये ‘लागू नाही’ असं लिहिलं आणि खाली दोन ओळींत कारण दिलं. सिस्टिमने फॉर्म परत पाठवला, आकडा कम्पल्सरी आहे! मग मी चार दिले आणि कॉल लॉग जोडला. बॉसने थोडी घासाघीस करून तीनवर सही केली. प्रमोशन काही झालं नाही. पण कटऑफ सुटला, इन्क्रिमेंट मिळालं आणि जुलैत तिसरा माणूस आला. आता तिघांत एकेक आठवडा फिरतो. मला चारच हवे होते, हे आजही माझं मत आहे. असो.

माणूस म्हणजे सळई नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उपमा चांगली असली तरी ती ताणली की तीही तुटते. पोलादातला तडा सळई कपाटात ठेवून बुजत नाही. पळणाऱ्यांना किंवा नव्या सैनिकांना पायाच्या हाडाला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ होतं, तोही थकव्याचाच तडा. पण हाड जिवंत आहे. भार थांबवला की ते स्वतःला दुरुस्त करतं, आणि नंतर बेताबेताने भार दिला तर आणखी भक्कम होतं. हाड भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं, हे युलियस वोल्फ या जर्मन डॉक्टरने १८९२ सालीच मांडलं होतं. अट एकच, मधे उसंत हवी.

उसंतीचं महत्त्व धातूवाल्यांनाही माहीत आहे. पुण्यात कसबा पेठेजवळच्या तांबट आळीत जा. तांब्यावर ठोके पडतायत, टक् टक् टक्. ठोक्यांनी भांडं कडक होत जातं, ते त्यांना हवंच असतं. पण फार कडक झालं की पुढच्या ठोक्याला पत्रा फाटणार. मग कारागीर काय करतो? ठोकणं थांबवतो, भांडं भट्टीत तापवतो, तांबं पुन्हा मऊ होतं, मग पुढचे ठोके. इंजिनीअर याला ॲनीलिंग म्हणतात. कुठलाही तांबट भांड्याला ‘तू टफ नाहीस’ म्हणत नाही.

आणि एक शब्द घरी बघायला मिळतो, क्रीप. पुस्तकांची लाकडी फळी. पहिल्या दिवशी सरळ असते. भार एका पुस्तकाने वाढत नाही, तरी दोन-तीन वर्षांत मधे झोल येतो. भार तोच, फक्त काळ वाढला. ‘काम तर पूर्वीएवढंच आहे, मग आता काय झालं?’ असं कुणी विचारलं तर त्याला घरची फळी दाखवा.

डब्ल्यूएचओने २०१९ साली बर्नआउटची नोंद आपल्या आजारांच्या वर्गीकरणात केली, तीही आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी. ‘दीर्घकाळ’ हा शब्द वाचला आणि मला पुन्हा वोलरचे आस आठवले.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘टफ हो’ म्हणालं, तर आधी शांतपणे विचारा, नक्की कुठला गुण हवाय? न वाकणारा, न ओरखडणारा की धक्का पचवणारा? तिन्ही एकत्र मागायचे तर मेकॅनिकलची अख्खी शाखा त्यासाठी दोनशे वर्षं घाम गाळतेय, हेही सांगा.

आणि प्लॅनिंग मीटिंगमध्ये ‘हंड्रेड पर्सेंट युटिलायझेशन’ अशी स्लाइड आली, तर एक शब्द खिशात ठेवा, फॅक्टर ऑफ सेफ्टी. म्हणजे वस्तू जेवढा भार घेऊ शकते तो भागिले प्रत्यक्षात दिलेला भार. विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो, तरी तिथे दीड धरतात. लिफ्टच्या दोरांसाठी तो दहा-बाराच्या आसपास असतो. शंभर टक्के म्हणजे बरोबर एक. आमच्या मागच्या मीटिंगला मी हा प्रश्न विचारला. बॉसने माझ्याकडे बघितलं, मग स्लाइडकडे बघितलं, आणि शंभरचे ऐंशी केले.